स्टीलचे दागिने करायचेत? मग आधी डोक्यातली चांदी काढा

माझी पहिली स्टीलची चेन मी आत्तीच्या हातात दिली तेव्हा तिनं ती तळहातावर दोनदा उडवून वजनाचा अंदाज घेतला आणि एवढंच विचारलं, "ह्याची मोड किती यील गं?" म्हटलं मोड नाही येत आत्ती, स्टील आहे. झालं, चेन परत माझ्या हातात आणि आत्ती चहा टाकायला आत.

तिचं चुकलं असं नाही. कोल्हापुरात दागिना म्हटलं की गुजरी, म्हणजे आमचा सराफ बाजार, आणि गुजरीत दागिना म्हणजे वजन, घट, मजुरी आणि अडीनडीला मोड. हुपरीचे पैंजण घ्या नाहीतर साज घ्या, हिशोब तोच. स्टीलला यातलं काहीच लागू होत नाही, आणि तरी आपण नवीन लोक (मी पहिली) त्याला स्वस्तातली चांदी समजून वागवतो. तसंच वळवायला जातो, तसंच सोल्डर करायला जातो, तशीच अंगठी "नंतर मोठी करून देऊ" म्हणून सांगतो, आणि मग बोटं कापून घेतो, पक्कड मोडतो, गिऱ्हाईक घालवतो. माझं शिक्षण शेवटी गुजरीत नाही, उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या भागात, मामाच्या लेथशेजारी झालं. तिथं जे कळलं ते क्रमानं सांगते, जिथं मी जास्त मार खाल्ला तिथं जास्त लिहीन.

पहिलं काम: हे स्टील म्हणजे नक्की काय ते समजून घ्या

स्टेनलेस स्टील म्हणजे मुळात लोखंडच, पण त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम. हवेतल्या ऑक्सिजनशी क्रोमियमचा संबंध आला की वरती ऑक्साइडचा एक पापुद्रा तयार होतो, इतका पातळ की मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले दोन-तीन भाग. डोळ्याला दिसत नाही, पण गंज अडवायचं सगळं काम तोच करतो, आणि ओरखडा पडला तरी हवा लागली की परत आपोआप धरतो. चांदीवर, सोन्याच्या पाण्यावर असं काही होत नाही, तिथं वरचं गेलं की गेलं.

हे १९१३ साली इंग्लंडमधल्या शेफिल्डला हॅरी ब्रिअर्ली नावाच्या माणसानं केलं, तो बंदुकीच्या नळ्या लवकर झिजतात त्यावर काम करत होता. दागिन्याचा काही संबंध नाही, नंतर सुऱ्या-काट्यांना वापरायला लागले. नावात "स्टेनलेस" आहे म्हणून डाग पडतच नाही असं मात्र समजू नका, डाग कमी पडतो एवढंच. हा पापुद्रा कुठल्या गोष्टीनं मरतो आणि कुठल्या गोष्टीनं जगतो हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

आता ग्रेड. घरातल्या चांगल्या डब्याच्या बुडाला कधीकधी १८/८ लिहिलेलं असतं बघा, ते म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, हेच ३०४. बाजारात स्वस्तातली भांडी, बादल्या, ग्रिल यात २०२ किंवा २०१ असतं, त्यात महागडं निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, दिसायला अगदी सारखं पण घाम आणि मीठ लागलं की लवकर तांबूस ठिपके. दागिन्याला जे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे ते ३१६एल, त्यात क्रोमियम १६ ते १८, निकेल १० ते १४ आणि शिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम. या मॉलिब्डेनममुळं मिठाच्या पाण्यात, घामात बारीक खड्डे सहजासहजी पडत नाहीत. शेवटचं एल म्हणजे कार्बन कमी, जास्तीत जास्त ०.०३ टक्के, त्याचा उपयोग वेल्डिंगच्या वेळी कळतो, तिथं सांगते.

"सर्जिकल स्टील" हा शब्द ऐकून भारावून जाऊ नका. तो एक ठराविक ग्रेड नाही, कुणी ३१६एल ला म्हणतो, कुणी चुंबकाला चिकटणाऱ्या कात्रीच्या स्टीलला म्हणतो, आणि कुणी नुसतं पाकिटावर छापतो. तुम्ही नंबर विचारा. आणि दागिन्यावर ३१६एल असा शिक्का दिसला तरी तो करणाऱ्यानं स्वतः मारलेला असतो, सोन्या-चांदीसारखं हॉलमार्किंग स्टीलला नाही.

मग खरं-खोटं ओळखायचं कसं

सगळे सांगतात चुंबक लावा, चिकटलं तर खोटं. मी पण एक वर्ष खिशात चुंबक घेऊन फिरले. पण हे अर्धंच खरं आहे. ३०४ आणि ३१६ मऊ अवस्थेत चुंबकाला चिकटत नाहीत हे बरोबर, पण तीच वायर साच्यातून ओढून बारीक केली, ठोकली, गुंडाळली की आतली रचना थोडी बदलते आणि ती हलकीशी चिकटायला लागते, ३०४ जास्त, ३१६ कमी. म्हणजे हलकं चिकटलं म्हणून माल खोटा नाही. आणि उलटी बाजू अजून वाईट, २०२ पण चिकटत नाही, त्यामुळं नाही चिकटलं म्हणून खरं असंही नाही. चुंबकानं फक्त एवढंच कळतं की कडक चिकटलं तर ते ४३० जातीचं (स्टेनलेसच, पण चुंबकाला चिकटणारं) किंवा सरळ मुलामा दिलेलं लोखंड आहे.

गुजरीतल्या टंच काढायच्या मशीनवर काम होतं का असं बऱ्याच जणी विचारतात. ती मशीन एक्स-रेवर चालते, क्रोमियम-निकेल ओळखायला तत्त्वतः हरकत नाही पण ती सोन्या-चांदीसाठी सेट केलेली असते, आणि कार्बन तर तसल्या मशीनला दिसतच नाही, म्हणजे ३१६ कळलं तरी "एल" आहे का नाही ते कळणार नाही. ३०४ आणि ३१६ वेगळं करायला मॉलिब्डेनम टेस्टचं किट मिळतं, थेंब टाकायचा, छोटी बॅटरी लावायची, रंग बदलला तर मॉलिब्डेनम आहे. उद्यमनगरात, शिरोलीला स्टीलचा धंदा करणाऱ्यांना "मॉली टेस्ट" म्हटलं की कळतं.

पण खरा उपाय कागद आहे. वायर किंवा पत्रा घेताना टेस्ट सर्टिफिकेट मागा, त्यावर हीट नंबर असतो (म्हणजे कुठल्या भट्टीच्या घाण्यातला माल) आणि त्या घाण्यात काय किती टक्के ते लिहिलेलं असतं. दोन किलोच्या गिऱ्हाइकाला कोण सर्टिफिकेट देतो असं वाटेल, मलाही वाटलं होतं. मोठा व्यापारी झेरॉक्स देतो, लाजायचं नाही, आणि जो "ताई विश्वास ठेवा की" म्हणतो त्याच्याकडून कपडे वाळत घालायची तार घ्या फक्त.

कानाचा विषय, हा वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका

३१६एल मध्ये निकेल १० ते १४ टक्के आहे हे वर लिहिलंय, आणि निकेलची ॲलर्जी ही दागिन्यातली सगळ्यात कॉमन ॲलर्जी. कानाची पाळी लाल होते, खाज, पाणी येतं. ज्यांना जीन्सच्या बटणाखाली बेंबीजवळ किंवा घड्याळाच्या पट्ट्याखाली पुरळ येतो त्यांनी समजून जायचं. मग स्टीलला "हायपोॲलर्जेनिक" (ॲलर्जी सहसा न देणारं) कसं म्हणतात? कारण धातूत निकेल किती आहे यापेक्षा अंगावर किती सुटतं ते महत्त्वाचं, आणि चांगल्या ३१६एल मधून तो पापुद्रा असल्यामुळं फार कमी सुटतं. युरोपात नियमच तसा आहे, कातडीला सतत लागणाऱ्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरला ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी आणि टोचलेल्या भोकात जाणाऱ्या दांडीतून ०.२ पेक्षा कमी निकेल सुटलं पाहिजे.

कमी सुटतं म्हणजे शून्य नव्हे. म्हणून तुमच्या पाकिटावर "निकेल फ्री" कधीच लिहू नका, ते सरळ खोटं आहे. ज्यांना ॲलर्जी जोरात आहे त्यांना टायटॅनियम किंवा सोनं सांगा आणि गिऱ्हाईक सोडून द्या. ४३० मध्ये निकेल जवळजवळ नसतं पण ते गंजाला कच्चं. आणि नुकताच टोचलेला कान, बारशाच्या आसपास टोचलेला बाळाचा कान, यासाठी आपल्या हातची स्टीलची वायर अजिबात नको, तिथं सोन्याची तारच बरी. पिअर्सिंगवाले जे स्टील वापरतात ते इम्प्लांट ग्रेडचं वेगळं येतं, निर्वात भट्टीत वितळवलेलं, आरशासारखं घासलेलं, निर्जंतुक केलेलं, ते आपल्या घरच्या टेबलावर होत नाही.

वायर घेताना गेज नको, मिलिमीटर बोला

इथं मी पहिली मोठी आपटले. यूट्यूबवर एक अमेरिकन बाई सांगत होती की कानातल्याच्या हुकाला २० गेज (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर). मी पण २० गेजचं एक अख्खं बंडल घेतलं, तीस जोड्या केल्या, आणि पहिल्या पाच बायकांनी सांगितलं कानात जात नाही, घट्ट होतंय. झालं असं की अमेरिकेचा २० गेज म्हणजे ०.८१ मिलिमीटर आणि आपल्याकडं जो ब्रिटिश गेज चालतो त्याचा २० म्हणजे ०.९१. दशांश एक मिलिमीटर, पण कानाच्या भोकाला ते लै होतं. आपल्या बाजारात ०.८१ ला २१ गेज म्हणतात. तेव्हापासून दुकानात गेलं की सरळ "शून्य पॉइंट आठ एमएम" म्हणते आणि व्हर्निअर (जाडी मोजायचं हत्यार) बरोबर नेते, मामाचा जुना आहे, तुम्ही साधा डिजिटल घ्या.

दुसरं म्हणजे सॉफ्ट आहे का हार्ड ते विचारा. भट्टीत तापवून मऊ केलेली वायर वेगळी आणि स्प्रिंगची वायर वेगळी, दोन्हीचा ग्रेड एकच असू शकतो. पहिल्या महिन्यात फक्त सॉफ्ट घ्या. कड्यांना ०.८ ते १, हुकाला ०.८, गळ्यातल्या रिंगेला (जी नुसती गळ्यात अडकते ती) दीड-दोन मिलिमीटर, आणि ही शेवटची हातानं वळत नाही, त्याला रोलर लागतो.

वजनाचं पण सांगून टाकते. चांदीची घनता साडेदहा, स्टीलची आठ, म्हणून त्याच आकाराचा स्टीलचा झुमका चांदीपेक्षा कानाला हलका. गिऱ्हाइकाला हे आवडतं, आत्तीला नाही.

हत्यारं

सोनारकामाची नाजूक कटर स्टीलवर चालवली की एका दिवसात तिच्या धारेला खाच पडते. कडक तार कापायची वेगळी कटर येते ती घ्या, महाग पडली तरी घ्या. दोन पक्कडी, एक गोल चोचीची एक चपटी, आतून दातेरी नसलेल्या, कारण दाताचे वळ स्टीलवर उमटले की घालवताना जीव जातो. चष्मा. नंबरचा नव्हे, डोळ्यावरचा सेफ्टी चष्मा, कारण चांदीचा तुकडा कापला तर खाली पडतो, स्टीलचा उडतो. माझा एक तुकडा देवघरातल्या फोटोच्या काचेला लागला होता, तडा अजून तसाच आहे आणि आई अजून बोलते.

कानस नवी कोरी घ्या आणि तिच्यावर लाल रंगाची खूण करून ठेवा. ही खूण का ते पुढं गंजात सांगते.

पहिली वस्तू: साधी कडी

झुमके-बिमके बाजूला ठेवा. पहिले आठ दिवस फक्त कड्या करा, ज्याला जंप रिंग म्हणतात, कारण चेन, ब्रेसलेट, लटकन सगळं त्याच्यावरच उभं राहतं आणि स्टीलचा स्वभाव पण तिथंच कळतो.

एखादा सरळ गुळगुळीत रॉड घ्या, ड्रिल बिटचा मागचा गुळगुळीत भाग सुद्धा चालतो. वायरचं टोक धरून रॉडवर एकाला एक चिकटून गुंडाळायचं, स्प्रिंगसारखं. सोडलं की ते अंगाला आळस दिल्यासारखं सैल होतं. हाच तो स्प्रिंगबॅक. पहिल्यांदा मी परत घट्ट करायला गेले, परत सैल, परत घट्ट, मामा लांबून बघत होता, म्हणाला "अगं पोरी, ही चांदी न्हवं, नागीन हाय, दाबलीस तरी फणा काढतीच, तिला जेवडं पायजे तेवडं आधीच जास्त वाकव." म्हणजे तुम्हाला हवी त्यापेक्षा थोड्या बारीक रॉडवर गुंडाळायची. किती बारीक, ते वायरप्रमाणं बदलतं, माझ्याकडच्या ०.९ च्या सॉफ्ट वायरला ५ च्या रॉडवर आतला व्यास सव्वापाचच्या आसपास मिळतो. नवीन बंडल आलं की आधी दहा कड्यांचं सॅम्पल करा, मोजा, वहीत लिहा.

आणि एक नियम पाठ करा, वाकवायचं ते एकदाच. स्टील वाकवलं की त्या जागी कडक होतं, परत सरळ करून परत वाकवलं की अजून कडक, आणि असंच करत राहिलं की शेवटी कट्कन मोडतं. चांदी कडक झाली तर सोनार लाल करतो आणि मऊ होते. स्टील मऊ करायला हजार डिग्रीच्या वर न्यावं लागतं आणि पटकन गार करावं लागतं, वर ते काळं होतं ते वेगळंच. घरी नाही होत. चुकलं की तो तुकडा भंगारच्या डब्यात.

स्प्रिंग झाली की एकेक वेढा कापायचा, पण कटरची सपाट बाजू कुठं आहे बघून. एका बाजूला टोक सपाट येतं, दुसऱ्या बाजूला चिमटलेलं, म्हणून प्रत्येक कडीला कटर उलटी करून तो चिमटलेला कण परत उडवायचा. कंटाळवाणं आहे, शंभर कड्यांना तास-दीड तास जातो. हे सोडलं तर कडी मिटल्यावर फट राहते, फटीत केस अडकतात, दुपट्टा अडकतो, आणि गिऱ्हाईक एकदाच येतं. कडी उघडताना दोन टोकं बाजूला सारून (एक पुढं, एक मागं), फाकवून नव्हे.

दुसरी वस्तू कानातल्याचा हुक. ०.८ ची वायर, पेनाच्या नळीवर वाकवा, पुढं बारीक फासा. इथं सगळा वेळ टोकाला द्या. कापलेलं टोक आधी कानशीनं गोल, मग ४०० नंबरचा घासायचा पेपर, मग ६००, मग १०००, शेवटी बोटाच्या पेरावरून, मग स्वतःच्या गालावरून फिरवून बघायचं. गालाला टोचलं तर कानाच्या आतल्या कातडीला दुप्पट टोचणार.

जोड द्यायचा कसा? थोडक्यात, घरी देऊच नका

गुजरीतल्या एका सोनार काकांकडं मी हौसेनं स्टीलची रिंग घेऊन गेले होते, म्हटलं काका एवढा जोड द्या. त्यांनी टाकणखार लावला, फुंकला, चांदीची झाळ (सोल्डर) गोळी होऊन नुसती घरंगळत राहिली. रिंग निळी-पिवळी झाली, काकांनी चिमट्यानं उचलून माझ्याकडं दिली आणि म्हणाले "ही घे बाई, हे आमचं काम न्हाई." कारण तोच पापुद्रा. जो गंज अडवतो तोच झाळ पण चिकटू देत नाही, आणि टाकणखाराला तो एकट्याला फुटत नाही. त्यासाठी फ्लोराइड असलेला वेगळा फ्लक्स येतो, त्याचा धूर छातीला वाईट, बंद खोलीत तर नकोच. शिवाय चांदी ९६१ डिग्रीला वितळते, स्टील चौदाशेच्या आसपास, त्यामुळं सोनाराच्या फुंकणीवर स्टीलला स्टील वितळवून जोडायचं तर विसराच.

खरंच जोड हवा असेल तर लेसर किंवा टिग वेल्डिंग. उद्यमनगरात टिगवाले पावलापावलावर आहेत पण ते पाइप आणि टाक्या जोडणारे हात, ०.८ च्या वायरला त्यांनी नुसता आर्क दाखवला तरी तिची राख होते, म्हणून दागिन्याच्या लेसर मशीनवाला गाठा. आणि इथं तो "एल" कामाला येतो. स्टील साधारण ४२५ ते ८५० डिग्रीत रेंगाळलं की आतला कार्बन क्रोमियमला पकडून बसतो, मग त्या पट्ट्यात पापुद्रा धरायला क्रोमियम उरत नाही आणि जोडाच्या शेजारी गंज येतो. कार्बनच कमी असेल तर ही भानगड कमी. वेल्ड केल्यावर आलेले निळे-सोनेरी रंग छान दिसतात म्हणून तसेच ठेवू नका, ती जागा कच्ची असते, घासून काढा.

पण मी म्हणते जोडाची गरजच कशाला? कडीत कडी, रिव्हेट, पत्र्याचे कान वाकवून खडा धरणं, एवढ्यात सहा महिने आरामात निघतात.

गंज कसा येतो, स्टेनलेसला सुद्धा

दुसरी मोठी आपटी. पन्नास हुक मी एका ठिकाणी बफिंगला दिले, आरशासारखे चकचकीत आले, पाकिटात भरले. जुलै होता, आपल्याकडचा पाऊस माहीत आहे, तिसऱ्या दिवशी बघते तर प्रत्येकावर चहाचे शिंतोडे उडाल्यासारखे ठिपके. मला वाटलं वायरच खोटी. मामानं विचारलं बफला आधी काय लावलं होतं? तर सकाळभर त्याच चाकावर साध्या लोखंडाचे पार्ट झाले होते. लोखंडाचे कण चाकात बसलेले, ते माझ्या हुकात घुसले, आणि गंजले ते कण, माझं स्टील नव्हे. पण गिऱ्हाइकाला कण दिसत नाही, गंज दिसतो.

म्हणून ती लाल खूण. लोखंडाला लागलेली कानस, ब्रश, पेपर, चाक स्टीलला लावायचं नाही. भांडी घासायची लोखंडी तारेची घासणी पण नाही.

झालेलं सुधारायला उपाय आहे आणि तो किराणा दुकानात मिळतो, सायट्रिक ॲसिड, लिंबूफूल म्हणून मागा. आधी वस्तू भांड्याच्या साबणानं गरम पाण्यात धुवून तेलकटपणा पूर्ण घालवायचा. मग एक लिटर पाण्यात साधारण ८० ते १०० ग्रॅम लिंबूफूल, पाणी ५० ते ६० डिग्रीपर्यंत गरम (उकळतं नको), वस्तू त्यात वीस मिनिटं ते अर्धा तास बुडवून. ॲसिड वरचे लोखंडाचे कण खाऊन टाकतं आणि क्रोमियमला हात लावत नाही. भांडं काचेचं किंवा स्टीलचं, लोखंडी-ॲल्युमिनियमचं नको. मग चिक्कार साध्या पाण्यानं धुवून, पुसून, पूर्ण वाळवून ठेवायचं. कारखान्यात याला पॅसिव्हेशन म्हणतात. मी आता प्रत्येक बॅच अशी काढते, ठिपके असोत नसोत. बाथरूम धुवायचं ॲसिड मात्र चुकून वापरू नका, त्यातलं क्लोराइड पापुद्र्याला थेट खातं.

सोनेरी रंग

सगळ्यात जास्त विकतं हेच आणि सगळ्यात जास्त थापा पण इथंच. "अँटी टार्निश" (काळं न पडणारं) म्हणून जे मिळतं त्यात दोन प्रकार. एक पीव्हीडी, म्हणजे निर्वात पेटीत धातूची वाफ करून वस्तूवर बसवतात, सोनेरीसाठी बऱ्याचदा टायटॅनियम नायट्राइड, ते कडक असतं आणि टिकतं, पण जाडी मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे घासला जाणारा भाग (अंगठीची खालची बाजू, चेनचा हुक) कधीतरी पांढरा पडणारच. आणि त्या सोनेरी रंगात सोनं असेलच असं नाही, म्हणून "१८ कॅरेट" लिहिलेलं दिसलं की विचारा १८ कॅरेट रंग का १८ कॅरेट सोनं. दुसरा प्रकार साधं सोन्याचं पाणी. ते स्टीलवर सहज धरत नाही, म्हणून बऱ्याचदा आधी निकेलचा पातळ थर देतात, तो नीट बसला नाही तर पापुद्रे सुटतात. आणि सोनं झिजलं की खालचं निकेल कातडीला, म्हणजे ॲलर्जीवालीला आपण बेन्टेक्सच विकलं की.

मी स्वतः साधं पांढरं आणि ब्रश फिनिश (बारीक रेघांचं, कमी चमकणारं) एवढंच करते. ब्रश फिनिशवर ओरखडे दिसत नाहीत, आरसा फिनिशवर आठ दिवसात दिसतात.

अंगठी आणि साज, दोन्ही नको म्हणते

अंगठीला लोक हट्ट करतात. स्टीलची अंगठी मोठी-छोटी होत नाही, जवळजवळ नाहीच, म्हणून माप दोनदा घ्या, संध्याकाळी घ्या, बोटाचं पेर ओलांडून जाते का बघा. आणि बोट सुजलं तर सोन्याची अंगठी अंगठी कापायच्या साध्या कटरनं निघते, जाड स्टीलच्या पट्टीपुढं तो कटर हार मानतो. लेथवर, मशीनवर काम करणाऱ्याला तर कुठलीच अंगठी विकू नका, स्टीलची मुळीच नाही, ती अडकली तर अंगठी तुटत नाही, बोट जातं. मामाच्या शॉपमध्ये आत शिरताना अंगठी खिळ्याला अडकवायची असा नियमच आहे.

साजाचं म्हणाल तर त्याच्या पानड्या म्हणजे सोन्याचा पातळ पत्रा डायवर उठवून आत लाख भरलेली, बोटानं दाबला तर दबेल असा. तेवढाच पातळ स्टीलचा पत्रा म्हणजे ब्लेड. मी ०.८ च्या पत्र्यातून लेसरनं सपाट पानड्या कापून बघितल्या, चंद्र, मासा, कासव, दिसायला भारी, पण तो साज नव्हे, साजाचं चित्र. लटकन म्हणून सुटी एक पानडी छान जाते, एकवीस ओवायला जाऊ नका.

विकताना

भाव वजनावर ठेवू नका, कडीच्या संख्येवर आणि तुमच्या तासांवर ठेवा. "आयुष्यभर काही होत नाही" असं बोलू नका. पाकिटात एक चिठ्ठी घाला: भांड्याच्या साबणानं मऊ ब्रशनं धुवा, ब्लीच लावू नका, मालवण-गणपतीपुळ्याला समुद्रात गेलात तर आल्यावर गोड्या पाण्यानं धुवून पुसा. खाज आली तर काढून ठेवा, पैसे परत. माझ्याकडं दोन जणींनी परत केलं, दोघी आता काचेच्या बांगड्यांचं गिऱ्हाईक आहेत माझ्या मैत्रिणीच्या दुकानात.

आणि मोडीचं राहिलं. वर्षभराचे वायरचे तुकडे एका डब्यात साठवले होते, साडेतीन किलो भरले, ३०४ आणि ३१६ एकत्र. आत्तीला म्हटलं चल, दाखवते तुला मोड. भंगारवाल्यानं डब्यात चुंबक फिरवला, ओढून-गुंडाळून कडक झालेले ते तुकडे केसासारखे त्याला लोंबकळले, आणि तो म्हणाला "लोखंड हाय मावशी." मी त्याला वायर ओढणं, आतली रचना, सगळं समजावत होते तोवर आत्तीनं लोखंडाच्या भावानं पैसे घेऊन कोथिंबीर पण आणली. आता दोन डबे आहेत, दोन्हीवर सर्टिफिकेटची झेरॉक्स चिकटवलेली.